कानात सांगितलेलं नाव

८ नोव्हेंबर, शनिवार
'पाण्याखालची पायरी' आजपासून परत सुरू. दुसरा भाग, शेवटचा. कधीपासून जाहिरात दाखवत होते. पाहायची नाही असं ठरवलं होतं. आठ वाजले आणि हात रिमोटवर गेला.
तेच संगीत, तोच धरणाचा तलाव, उन्हाळ्यात पाण्यातून वर येणारी बुडालेल्या शाळेची ती पायरी. पहिला भाग संपला तेव्हा हे होते. मग पावसाळ्यात ताप आला आणि हे गेले. मालिका थांबली होती ती आत्ता सुरू झाली.
यांच्या खुर्चीवर वाळलेले कपडे ठेवले. रिकामी दिसू नये म्हणून.

९ नोव्हेंबर, रविवार
पहाटे जाग आली ती कालची गोष्ट तोंडात घेऊनच. पूर्ण जुळवलेली, सांगायला तयार.
दिवाळी झाली की हे नाटक कंपनीबरोबर निघायचे, ते होळीपर्यंत. लाईटवाले. आज कुरखेड्याकडे, उद्या चामोर्शीकडे, जिथे मंडईची जत्रा भरेल तिथे. नाटक पहाटे संपायचं. शनिवारची मालिका कधी पाहायला मिळायची नाही, आणि वेड तर असं की कंपनीच्या गाडीतून कोपऱ्यावर उतरल्या उतरल्या विचारतील. घरी आले की चुलीजवळ बसून, "सांग."
मी सांगायची. कोण आलं, काय बोललं, कोणत्या दारातून गेलं. मधेच ओरडायचे, "अवो, उजेड कोनाच्या तोंडावर होता थे सांग पयले. ज्याच्यावर उजेड नाई त्याच्यावर नजर ठेव."
त्यामुळे मालिका पाहताना मी अजून अंधारातल्या माणसाकडे पाहते.
आज अंगण झाडता झाडता पुटपुटले असेन. शेजारची शेवंता कुंपणावरून, "कोनासंग बोलून राह्यली वो?"
"झाडूसंग."
"मंग त्याले सांग, माह्या दारातलंही झाडून दे म्हनावं."

१५ नोव्हेंबर, शनिवार
मालिकेतल्या गावातला मास्तर नाहीसा झाला. रात्री तलावाकडे गेला, पायरीवर चपला सापडल्या, माणूस नाही. कोणी मारलं? नावाड्यानं, भावानं, की बायकोनं, यमुनेनं? पहिला भाग इथेच सोडला होता. आज कामत नावाच्या इन्स्पेक्टर बाई आल्या आणि परत सगळ्यांना विचारायला लागल्या.
आमच्या घरी नियम होता. यांनीच केलेला. शेवट कळायच्या आधी ज्यानं त्यानं गुन्हेगाराचं नाव सांगायचं, पण मोठ्यानं नाही. एकाच्या कानात. "मोठ्यानं सांगतलं तं दुसऱ्याची अक्कल चालत नाई." हे लेकीच्या, प्रज्ञाच्या कानात सांगायचे, प्रज्ञा माझ्या, मी यांच्या. शेवट झाला की सगळी नावं बाहेर. त्याआधी विचारायचं नाही.
पहिला भाग संपला त्या संध्याकाळी तिघं घरी होतो. प्रज्ञा पुण्याहून सुट्टीवर आलेली. नावं सांगून झाली. ती तशीच राहिली.
प्रज्ञाचं नाव माझ्याजवळ आहे. यांचं प्रज्ञाजवळ. माझं घेऊन हे गेले.

२३ नोव्हेंबर, रविवार
काल प्रज्ञाचा फोन. ड्युटी संपवून होस्टेलच्या जिन्यात बसून बोलत होती. दवाखान्यात नर्स आहे, पाय दुखतात म्हणाली. मग हळूच मालिकेवर आली. तीही पाहते.
विचारायचं नव्हतं, विचारलं. "बाबानं कोनाचं नाव सांगतलं होतं?"
"आई, नियम." हसली. मग हसणं थांबलं. "शेवटच्या दिवशी सांगीन. समोर बसून."
"म्हनजे येशील?"
"पाहतो."
हा शब्द बापाचा. यांना विचारलं, उद्या लवकर याल का, की "पाहतो."
यांच्या पुण्यानुमोदनाला आली होती, त्यानंतर नाही. घरात शिरलं की पहिले ती खुर्ची दिसते, असं एकदा बोलून गेली होती.

२ डिसेंबर, मंगळवार
थंडी. पहाटे कंपनीची गाडी कोपऱ्यावर हळू होते. थांबत नाही, फक्त हळू होते. ड्रायव्हर तोच आहे.
भिंतीवरचं जुनं पोस्टर एका कोपऱ्यातून सुटलं होतं, भाताच्या खळीनं चिकटवलं. मी वाचायला शिकले ते या पोस्टरांवर. हे उरलेली घेऊन यायचे, भिंतीचे पोपडे झाकायला. मोठी अक्षरं, एका नाटकाचं एक. आधी नावं वाचता आली, मग खालची बारीक ओळ, मग विहारातल्या कपाटातली पुस्तकं. यांनी कधी शिकवलं नाही. फक्त म्हणायचे, "उलटं नको चिपकवू."

७ डिसेंबर, रविवार
काल सहा डिसेंबर. संध्याकाळी विहारात होतो सगळे. मालिका चुकली. आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट मला कोणाकडून ऐकावी लागली. शेवंता सकाळी आली. विहारात तीही होती, पण तिच्या सुनेनं पाहिली होती, आणि सुनेकडून ऐकून हिनं मला सांगितली.
"चष्मा सापडला!"
"कोणाचा? कुठं?"
"थे मंग सांगतो. पयले ऐक, यमुना रडली."
"काऊन रडली?"
"आता चष्मा सापडल्यावर रडन नाई तं काय करन?"
शेवट आधी, सुरुवात नाही, उजेड कोणावर होता काही पत्ता नाही. मी डोक्याला हात लावला. हे असते तर हसून खाली पडले असते. इतक्या वर्षांत मी त्यांना किती नीट सांगत होते ते मला आज कळलं. त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं. फक्त चहा थंड व्हायचा त्यांचा, ऐकता ऐकता.

१३ डिसेंबर, शनिवार
कामत बाईंचा संशय आता यमुनेवर. तिनं मास्तरचा डबा धुवून ठेवला होता, ज्या रात्री तो परत आलाच नाही त्या रात्रीचा. उजेड सगळा तिच्यावर, म्हणून मला पटत नाही.
पण तेव्हा मी यांच्या कानात तिचंच नाव सांगितलं होतं.
हे मागे सरकले. "बायको काऊन मारन वो?"
"वाट पाहून पाहून थकली असन."
हसले नाहीत. म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात लवकर येत जाईन. कंपनीवाल्याले सांगतो." मी म्हटलं, मी मालिकेचं बोलून राह्यली. "मीबी मालिकेचंच बोलून राह्यलो."
पुढचा हिवाळा त्यांना...

२१ डिसेंबर, रविवार
प्रज्ञाचा फोन. सुट्टी मिळत नाही. शेवटचा एपिसोड दहा जानेवारीला. व्हिडिओ कॉल लावू, म्हणाली, दोघी दोन ठिकाणी बसून पाहू, आणि मी नाव सांगते.
"फोनवर नको."
"आई, मोबाईलवर तर एपिसोड एक दिवस आधीच येतो. माझ्या खोलीतल्या पोरी पाहून मोकळ्या होतील. मी कानात बोटं घालून फिरू का?"
"फीर."
"एक सिरियल आहे आई."
"हो. सिरियलच आहे."
फोन कोणी आधी ठेवला माहीत नाही. दिवसभर धान उन्हात घालत होते. एकटीला पुरतं तेवढंच, तरी पुन्हा पुन्हा हलवत राहिले.

२७ डिसेंबर, शनिवार
पाहिली. शेवंता पाहायला आली होती. तिचा कौल नावाड्यावर. "त्याच्या मिशा पाह्य वो. अशा मिशा भल्या मानसाले राह्यते काय?" नियम सांगितला, कानात सांग म्हणून. तिनं कानात सांगितलं तेही तिच्या घरापर्यंत ऐकू गेलं असेल.
मी हसले. मग ती गेल्यावर घर फार मोठं वाटलं.

३ जानेवारी, शनिवार
तलावाचं पाणी सोडलं. बुडालेली शाळा पूर्ण उघडी पडली, फळा, खिडक्या, सगळं. गाळात हाडं सापडली. कोणाची ते तपासायला पाठवली. अहवाल पुढच्या शनिवारी, तोच शेवट.
टीव्ही बंद करते तो मोबाईल वाजला. प्रज्ञाचा निरोप. 'ड्युटी बदलून घेतली. येतो.' एवढंच. पुन्हा पुन्हा वाचलं. 'पाहतो' नाही, 'येतो'.

१० जानेवारी, शनिवार
दुपारी नागपूरच्या बसनं आली. वाळली आहे. केस कापले. पिशवीत माझ्यासाठी पुस्तक आणि शेवंतासाठीही काहीतरी.
आत आली, दारात क्षणभर थांबली. मग खुर्चीवरचे कपडे उचलून खाटेवर टाकले आणि बसली. मी स्वयंपाकघरातून पाहिलं. वांग्याची भाजी, भात. दोनदा घेतला.
आठ वाजता लावलं. कामत बाईंच्या टेबलावर अहवालाचा लिफाफा. समोर यमुना, नावाडी, भाऊ. बाई लिफाफ्याला हात लावतात, आणि जाहिरात.
प्रज्ञा म्हणाली, "आता." खुर्चीतून वाकली. घरात दोघीच होतो, तरी कानात.
"बाबा म्हने, मास्तर मेलाच नाई."
मी म्हटलं, हे काही नाव झालं नाही.
"मीबी तेच म्हटलं. तं म्हने, तुले काय मालूम, लाईट मी लावतो. स्टेजवरून गेला म्हनजे मेला थोडी? विंगेत असन उभा, चहा पेत."
साबणाची जाहिरात चालली होती. मग तेलाची. मग मालिका आली. कामत बाईंनी लिफाफा उघडला, कागद बाहेर काढला, घडी उलगडली, चष्मा लावला.
मी टीव्ही बंद केला.
"आई?"
मी रिमोट कपड्यांखाली ठेवला.
"माझ्या मोबाईलवर आहे," ती हळूच म्हणाली.
"असू दे."
मोबाईल उलटा ठेवला तिनं.

११ जानेवारी, रविवार
पहाटे पाणी तापवायला चूल पेटवली. गाडी कोपऱ्यावर हळू झाली, गेली. मागे पाहिलं तर प्रज्ञा, चादर गुंडाळून, चुलीजवळ येऊन बसलेली.
"सांग."
"तू तर पाहिली सगळी."
"तू सांग. पयल्यापासून."
सांगितली. पायरी, चपला, यमुनेचा डबा, उजेड कोणावर होता आणि कोणावर नव्हता. लिफाफ्यापर्यंत. तिचा चहा थंड झाला.
तेवढ्यात कुंपणावर शेवंता. "पाह्यलं काय वो? तो तं—"
"शेवंता! बोलशील तं खबरदार!"
पदर तोंडात कोंबून ती पळाली. गेल्यावरही तिचं हसणं येत होतं.
उद्या प्रज्ञाची बस. पिशवी भरताना तिनं विचारलं, "तू बाबाच्या कानात कोनाचं नाव सांगतलं होतं?"
"शेवटच्या दिवशी सांगीन. समोर बसून."
"शेवट तं तू पाहूच देत नाईस. कधी लावशील मंग?"
"तू येशील तेव्हा."
चेन लावता लावता थांबली. खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"पाहतो," म्हणाली.