मोडक्या शिंगाचं कृतिसंशोधन

१० ऑगस्ट, रविवार
यवतमाळचं प्रशिक्षण पार पडलं. विषय: मुलांचा नैतिक विकास. मूल जसजसं विचार करायला शिकतं, तसतशी त्याची बरं-वाईट ठरवायची रीतही बदलते, असं मॅडम म्हणाल्या. त्याच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खाली: मार बसेल म्हणून वाईट वागायचं नाही. सगळ्यात वर: स्वतःच्या तत्त्वाने वागणारा माणूस. तिथे फार थोडे पोचतात म्हणे. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारची हजेरीची सही सकाळीच मारून एसटी पकडली. आमच्या शाळेतल्या अक्षय सरांचीही मारली, ते घाबरत होते. खालची पायरी, दुसरं काय. नियम माणसासाठी असतात हे ज्याला कळलं तो वर पोचला.

महिनाअखेर प्रत्येक शिक्षकाने कृतिसंशोधन सादर करायचं आहे, म्हणजे मुलांवर एखादा प्रयोग करून त्याचा अहवाल द्यायचा. बाकीचे सर लोक दरवर्षीप्रमाणे हस्ताक्षर सुधारतील. मी घरातच प्रयोग करणार. तनू सात वर्षांची, ऋतिक बारा, आणि शेजारच्या वाहिदभाई गॅरेजवाल्यांची अतिया नऊ. ती तशीही तनूबरोबर दिवसभर आमच्याकडेच पडीक असते. तयार नमुना!

संकल्प: घरात ओरडणं बंद. शिक्षा बंद. फक्त प्रश्न विचारायचे.

११ ऑगस्ट, संध्याकाळ
प्रयोग पहिला. गोष्ट मीच रचली. गुड्डीने आईला मदत म्हणून अंड्यांचा ट्रे उचलला, हातातून सुटला, सगळी अंडी फुटली. बबलीने रागारागात एकच अंडं भिंतीवर मारलं. जास्त चूक कोणाची?

तनू म्हणाली, गुड्डीची, बबलीनं त एकच फोडलं. अगदी पुस्तकात आहे तसं उत्तर. या वयात नुकसान दिसतं, हेतू दिसत नाही. आनंद झाला.

ऋतिक म्हणाला, बबलीची, तिनं मुद्दाम फोडलं. शाबास म्हणणार तोच त्याने विचारलं, तिथं कॅमेरा होता का? कायले, विचारलं तर म्हणे, नसंल त मग मांजरीवर ढकलता येते.

अतिया म्हणाली, पहिले गुड्डीले लागलं का ते त विचारा.
तिला समजावलं की प्रश्न तो नाही. तिला ते पटलं नाही. उत्तर नमुन्यातून वगळलं.

१३ ऑगस्ट
या घरात संशोधनाला वातावरणच नाही. ऋतिकने गृहपाठ केला नाही. ओरडलो नाही, फक्त विचारलं, तुला काय वाटतं? त्याला वाटलं की गृहपाठ नसावा. पुढे काय विचारायचं ते प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. ओरडलो.

वर तनूने विचारलं, पप्पा, तुमी हेल्मेट पोलीस दिसल्यावरच काहून घालता? सांगितलं की ती व्यवहारबुद्धी आहे. ती म्हणाली, मंजे मार बसंल म्हणून. कविता स्वयंपाकघरात हसली. बायकोने हसावं असं त्यात काही नव्हतं.

१७ ऑगस्ट, रविवार
तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा, शनिवारी. कॉलनीच्या मैदानावर लाकडी नंदी सजवायची स्पर्धा आहे, आणि बक्षीस देण्याआधी ‘मुलांवरील संस्कार’ या विषयावर मी बोलायचं आहे. शेवटी माणसं ओळखतात.

तनूचा नंदी सागवानाचा आहे. कविताच्या बाबांनी महागावच्या सुताराकडून तनूसाठी घडवून आणला होता. बाबा मागच्या दिवाळीत गेले. कविता तो नंदी स्वतः पुसते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. फक्त तनू आणि अतियाला.

दोघींनी जुन्या ओढणीची झूल शिवली. शिंगं निळी रंगवली. निळी! बैलाची शिंगं कोणी निळी करतं का? पण मी बोललो नाही. मुलांची कामं मुलांनीच करावीत. हे भाषणातही घेणार.

१९ ऑगस्ट, दुपार
घरात कोणी नव्हतं.
विचार केला, वक्त्याच्याच मुलीचा नंदी असा दिसला तर संस्कारांवर काय बोलणार? बाजारातून सोनेरी बेगड आणली. नुसती शिंगांना गुंडाळायची होती. उजवं छान जमलं. डावं जरा दाबावं लागलं.
मोडलं.

शांत राहिलो. फेविक्विक लावलं. शिंग चिकटलं, थोडं खाली वाकलेलं, आणि माझं बोटही चिकटलं. ओढून काढताना कातडी गेली आणि बेगडीचा तुकडा बोटावरच राहिला. नंदी पुन्हा दिवाणावर ठेवला. हेतू पूर्णपणे चांगला होता. म्हणजे नैतिकदृष्ट्या काही घडलेलंच नाही.

संध्याकाळी तनूने बोटाला काय झालं विचारलं. चाकू लागला म्हटलं. ती बराच वेळ बोटाकडे बघत होती. मग तिनेच पट्टी बांधली.

२० ऑगस्ट
सकाळी कविताने नंदी उचलला आणि शिंग खाली पडलं. ती ओरडली नाही. शिंग हातात घेऊन खाली बसली आणि रडली. म्हणाली, बाबाची येवढीच एक वस्तू होती न माह्याजवळ.
ते बघवलं नाही. त्याच क्षणी सांगणार होतो. पण इतक्या भावनेच्या भरात खरं सांगणं योग्य नव्हे. खऱ्याला वेळ लागतो.

तिने प्रत्येकाला विचारलं. ऋतिकने देवाची शपथ घेतली. मी म्हणालो, आपण दोष कोणाचा हे न शोधता हेतू शोधू. तिने बेगड पाहिली. म्हणाली, सजवता सजवता मोडलं वाट्टे, मंग अतियाच असंल, तिच्याच हाताले सजवाची हौस हाय. मी फक्त म्हणालो, जाऊ दे, लेकरू आहे. यात मी अतियाचं नाव कुठे घेतलं? कुठेच नाही.

संध्याकाळी गोष्ट कानावर गेली म्हणून वाहिदभाई अतियाला घेऊन दारात आले. म्हणाले, सर, पोरीच्या हातून झालं असंल त माफ करा, मी जोडून देतो, पक्कं बसवतो. अतिया म्हणाली, अब्बू, मी नाही तोडला. वाहिदभाई म्हणाले, चूप, सर मोठे हायेत. मी त्यांच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं. चहाचंही विचारलं. थांबले नाहीत.

२१ ऑगस्ट
अतिया आली नाही. तनू जेवली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी घर असं असतं का? सगळा ताप मलाच का होतो कळत नाही. चूक अपघाताची, भोगतो मी.

तनूला जवळ बसवून प्रयोग दुसरा केला. म्हटलं, समज एखाद्याच्या हातून चुकून काही तुटलं. ती म्हणाली, आणि मंग त्यानं सांगतलंच नाही त? म्हटलं, कधी कधी मोठ्या कारणासाठी थांबावं लागतं. तिने विचारलं, तो किती वर्षाचा हाय? सांगितलं, वयाचा काय संबंध! ती उठून गेली. नमुना सहकार्य करत नाही.

संकल्प: तान्हा पोळा झाला की कविताला सगळं सांगायचं. भाषण एकदा होऊ दे.

२३ ऑगस्ट, शनिवार, तान्हा पोळा
लिहावंसं वाटत नाही.

मैदान भरलं होतं. पोरं बाशिंग बांधलेले नंदी ओढत होती, घरोघरी नंदी दाखवून बोजाऱ्याचे पैसे मागून आलेली, सगळ्यांचे खिसे वाजत होते. माझं भाषण उत्तम झालं. प्रामाणिकपणा घरातूनच सुरू होतो, या वाक्याला टाळ्या पडल्या.

मग तनू आली. आम्ही तिला तो नंदी घरी ठेव म्हटलं होतं. तिने एकाच शिंगाचा नंदी दोरीने ओढत आणला. बेगड काढून टाकलेली, शिंग पुन्हा निळं. दुसऱ्या हाताने अतियाला धरलेलं. अतिया येत नव्हती, ही ओढत होती. एका हाताने नंदी, एका हाताने अतिया.

परीक्षक धनसिंगभाऊ, निवृत्त कंडक्टर, माणूस गमत्या. त्यांनी माइक तनूपुढे धरला आणि विचारलं, बेटा, तुह्या बैलाचं शिंग कुठं गेलं?
तनू म्हणाली की पप्पानं मोडलं. बेगड त्याईच्या बोटाले चिपकली होती, मी पाह्यली, आमच्या दोघीजवळ बेगड नव्हतीच.
लोक हसले. मीही हसलो, काय करणार.
पण ती थांबली नाही. म्हणाली, चुकून मोडलं, त्याचं काही नाही. पण अतियाचं नाव आलं तवा पप्पा चूप बसले. ते चुकून नव्हतं.
कोणी हसलं नाही. धनसिंगभाऊंनी माइक हळूच काढून घेतला. वाहिदभाई गर्दीच्या कडेला उभे होते. मी कविताकडे बघितलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
कविता उठली तीच स्वयंपाकघरात गेली. चहा मिळाला, पण भांड्यांचा आवाज जरा जास्त झाला. ऋतिक म्हणतो, पप्पा, मांजर होती न.

तनूला विचारलं, तुला बोट दिसलं होतं, तर त्याच दिवशी आईला का नाही सांगितलं? ती म्हणाली, मी वाट पाहून राह्यली होती. तुमी सांगान म्हणून.

पंधरा दिवसांपूर्वी ही मुलगी अंडी मोजत होती. आता हेतू बघते, मुद्दाम आणि चुकून वेगळं करते, आपल्यामुळे दुसऱ्याला काय भोगावं लागतं तेही बघते. इतका झपाट्याचा विकास प्रशिक्षणातही सांगितला नव्हता. कृतिसंशोधन यशस्वी म्हणायला हरकत नाही. फक्त प्रयोग कोणी कोणावर केला, हा मुद्दा अहवालात कसा मांडावा ते सुचत नाही.

दुपारी वाहिदभाईंकडे गेलो. चालत गेलो, शेजारीच आहे, तरी रस्ता लांब वाटला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं: हेतू, परिस्थिती, गैरसमज. दार अतियाने उघडलं. मी म्हणालो, अतिया, ते शिंग माझ्या हातून मोडलं. पाठ केलेलं बाकीचं आठवलंच नाही.

ती माझ्या पट्टीकडे बघत होती. म्हणाली, अंकल, लागलं का तुम्हाले?

नाही म्हणालो. बोट अजून ठणकतंय.