खिशात मावणाऱ्या दोन कॅमेऱ्यांबद्दल मामाजींना

गोरेगाव, जि. गोंदिया
मंगळवार

तीर्थरूप मामाजींना जावई भूपेंद्रचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. खरं कसं आहे ते पुढे येईलच. तिकडे केशोरीला उन्हाळी धानाला तलावाचं पाणी पुरून राहिलं आहे ना? मिरची वाळली असेल. मामीजींचे गुडघे कसे आहेत? मागच्या खेपेला मी आणलेलं तेल त्यांनी गुडघ्यांना लावलं की दाराच्या बिजागरीला घातलं? (बिजागरी करकरायची थांबली हे माझ्या लक्षात आलं होतं, पण जावयाने बोलू नये म्हणून बोललो नाही.) घरात सध्या आणखी जी कोणी मंडळी असतील त्यांच्याही तब्येतीची मी चौकशी केली असं सांगावं; विशेषतः उजव्या पायाची.

पत्र लिहायचं कारण कॅमेरा. फोनच केला असता, पण तुमचा फोन उचलला जातो आणि पलीकडून कोणी बोलत नाही, नुसत्या कोंबड्या ऐकू येतात. कोंबड्यांना कॅमेऱ्यातलं काय विचारणार? तुम्ही जन्मभर बैल पारखलेत. दात बघून, शेपटी उचलून, चार पावलं चालवून एका मिनिटात सांगता, हा घे, हा घेऊ नको. आणि मी दोन कॅमेऱ्यांमधला एक निवडायला बसलो तर महिना होत आला, माझी भूक गेली, गाडीचं ऑइल बदलायचं राहिलं आणि पुढे जे झालं ते झालं. म्हणून सल्ला मागून राहिलो आहे.

तुम्ही म्हणाल, फोन असताना कॅमेरा कायले? फुलवंताने ह्याच शब्दांत विचारलं होतं, म्हणजे तिने ते तुमच्याकडूनच उचललं असणार. मामाजी, आमचा फोन आता फोन राहिला नाही, तो दुकानाचा गल्ला झाला आहे. आम्ही नवराबायको लुगडी, झंपर, गमछे पिकअपमध्ये भरून आज गोरेगावचा बाजार तर उद्या देवरीचा असे आठवडाभर फिरतो हे तुम्हांला माहीतच आहे. दिवसभर गिऱ्हाईक त्याच फोनवर पैसे टाकतं. एकदा देवरीच्या वाटेवरचा पळस फुललेला पाहून मी बाजारातून फोन घेऊन तिकडे गेलो, तर एक गृहस्थ खांद्यावर आमचा गमछा टाकून माझ्यामागे पळसापर्यंत आले. पैसे पोचले की नाही एवढंच त्यांना पाहायचं होतं. फोटोत पळस कमी आणि ते जास्त आहेत. आणि आपल्या भागात रोज काहीतरी दिसतंच. धानाच्या बांधीत सारसाची जोडी उतरते, मोहाखाली पहाटे बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या असतात. एवढं दिसतं आणि आपण नुसतं पाहून पुढे निघून जातो, ह्याने माझ्या जिवाला चैन पडत नाही. (माझ्या जिवाला कशानेच चैन पडत नाही असं फुलवंताचं म्हणणं आहे. लग्नात मी दोनदा पाट बदलून मागितला होता हे ती अजून सांगते. पाट खरंच डुगडुगत होता.)

तर गोंदियाच्या मार्केटात गुलाबचंद शेठचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. दोन छोटे कॅमेरे त्यांनी काउंटरवर ठेवले. पहिल्याचं भिंग बटन दाबलं की कासवाच्या मानेसारखं बाहेर येतं, येतच राहतं, आणि तलावाच्या त्या काठावरचं ह्या काठाला आणून ठेवतं. पण जरा संध्याकाळ झाली की त्याला दिसेनासं होतं, फोटोत सगळं पिठल्यासारखं येतं. दुसरा चपटा, साबणाच्या वडीएवढा, त्याचं भिंग जागचं हलत नाही. अंधारातही त्याला लख्ख दिसतं, पण ज्याचा फोटो काढायचा त्याच्याजवळ आपल्या पायाने जावं लागतं. मी शेठना विचारलं, चांगला कोणता? ते म्हणाले, "भैयाजी, एक दूर का देखता है, एक पास का। पहले ये बताओ, आपको देखना क्या है?" आता हा काय दुकानदाराने विचारायचा प्रश्न आहे का? मी तासभर दोन्ही हातांत दोन घेऊन उभा राहिलो. शेवटी शेठना दुकान बंद करून जेवायला जायचं होतं. ते म्हणाले दोन्ही घेऊन जा, वापरून बघा, एक परत आणा. माणूस फार सज्जन. त्यांनी एकच जबरदस्तीने गळ्यात बांधला असता तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

रोजच्या कॅमेऱ्याचं पहिलं काम म्हणजे खिशात मावणं. माझ्या सदऱ्याला एकच खिसा, म्हणून मंगरू टेलरकडून दुसऱ्या बाजूला आणखी एक शिवून घेतला. झूमवाला जड आणि चपटा हलका, त्यामुळे मी चालताना एकीकडे कलायचो. बाजारातल्या बाया फुलवंताला विचारायच्या, भाऊले लकवा मारला का? तोल सांभाळायला मी हलक्या बाजूच्या खिशात कुलूप ठेवून पाहिलं. ते कुलूप पिकअपचं होतं, आणि ते खिशात असल्याचं विसरून आम्ही दोघांनी अर्धा दिवस शोधलं. फुलवंता तेव्हा हसली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण ती सुरुवातीपासून चिडलेली नव्हती.

झूमवाल्याने पहिल्याच आठवड्यात घात केला. सकाळी तलावावर गेलो, पलीकडच्या काठाला एक पांढराशुभ्र बगळा. भिंग लांबवलं, बगळा डोळ्यांत भरला, मी श्वास रोखला आणि बगळा उडाला. त्याच्यामागे आंघोळ करत असलेले आमचे माजी सरपंच तेवढे उरले. बोट बटनावरून निघायच्या आधीच दाबलं गेलं. ह्या कॅमेऱ्याचं वाईट म्हणजे तुम्ही लांब आहात असं तुम्हांला वाटत राहतं, पण समोरच्याला तुम्ही दिसतच असता. दुपारी सरपंच दुकानापाशी येऊन उभे राहिले. मी फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "चेहरा बरा आला आहे बे. खालचं कापून दे, उत्सवाच्या फलकावर लावू." आता तो फोटो चौकात लागला आहे, खालचं कापल्यावर फोटो आखूड पडला म्हणून कमरेपासून हारांचं चित्र जोडलं आहे.

मग मी ठरवलं, झूम नको, चपटाच बरा. देवरीच्या बाजारात शांतीबाई म्हणून एक बाई मोहाची फुलं आणि चिंच घेऊन बसते. ओट्यावर ऊन तिरपं पडलेलं, तिच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. मी जवळ गेलो. चौकटीत बाई लहान दिसली म्हणून आणखी जवळ गेलो. आणखी जवळ जाताना माझा पाय चिंचेच्या टोपलीत गेला आणि मी मोहाच्या ढिगावर बसलो. "फोटो काढाले आला का बसाले आला?" तिने विचारलं. मी म्हटलं, फोटो. "मंग बसलाच हायेस तं बस. मी चाय पिऊन येतो. मोहाले गाय तोंड लावन, ध्यान देजो." आणि गेली. मी तिथे बसून मोहं विकली, मामाजी, आणि चांगली विकली. इकडे लग्नसराईची गर्दी, फुलवंता एकटी लुगडी उलगडून दाखवते आहे आणि नवरा समोरच्या ओट्यावर मोहाच्या ढिगात बसून गाय हाकलतो आहे. त्या दिवशी घरी येताना ती नुसतं एवढं म्हणाली, "एक तं ठेवा, नाईतं दोनी फेका. पण ठरवा." मी म्हटलं, देवरीच्या पुढच्या बाजारापर्यंत ठरवतो. आणि खरं सांगतो, पुढच्या बाजाराला निघताना मी दोन्ही खिशांत दोन कॅमेरे घेतले.

त्या बाजारात एक तांबडा गोऱ्हा दावं तोडून सुटला. शेवटच्या टोकाला आरडाओरडा झाला, टोपल्या उडायला लागल्या. मला वाटलं, हाच तो फोटो. गोऱ्हा लांब होता म्हणून झूमवाला काढला. त्याची मान बाहेर येईपर्यंत गोऱ्हा भांड्यांच्या दुकानापाशी आला, म्हणजे जवळ आला, म्हणून तो खिशात घालून चपटा काढला. तोवर गोऱ्हा वळून भाजीकडे पळाला, म्हणजे पुन्हा लांब. मी पुन्हा झूमवाला काढला. दोन्ही हातांत दोन कॅमेरे घेऊन मी मोजमाप करत होतो आणि गोऱ्हा थेट आमच्या दुकानात शिरला. वरची ताडपत्री आली, बांबू आले, लुगड्यांचे गठ्ठे आले आणि त्या सगळ्याखाली फुलवंता पडली. मी बटन दाबलं. चपट्याचं. का दाबलं ते मला विचारू नका, मी स्वतःला विचारून थकलो आहे. शांतीबाई पोतं हलवत, शिव्या देत मध्ये धावली, तेव्हा गोऱ्हा फिरला. फुलवंताला गठ्ठ्यांतून ओढून काढलं तेही तिनेच. मी पोचलो तेव्हा तिचा उजवा पाय मुरगळून सुजायला लागला होता. पायाकडे न बघता फुलवंता मला म्हणाली, "तुमाले बैल दिसला. मी नाई दिसली?"

एवढंच. मग दवाखान्यात पट्टी बांधून घेतली. दुसऱ्या दिवशी तुमच्या गावाकडची जीप लागली आणि ती तुमच्याकडे निघून आली. बाकी तुम्हांला माहीतच आहे, तुमच्या कोंबड्यांनाही माहीत असेल.

घरी आता मी ह्या खोलीतून त्या खोलीत जातो. चहा करतो, तो दोन कप होतो. बाजार बुडवले. पाच-सहा दिवस कॅमेऱ्यांना हात लावला नव्हता, काल लावला. झूमवाल्यात गोऱ्ह्याची शेपटी आहे. चपट्यात तो एक फोटो आहे. गोऱ्हा त्यात नाहीच. गठ्ठ्यांत अर्धी पडलेली फुलवंता आहे. गोऱ्हा तिच्या डाव्या हाताला, अगदी जवळ असणार, कारण धूळ तिथेच उठली आहे. पण मामाजी, ती गोऱ्ह्याकडे पाहत नाही. ती माझ्याकडे पाहून राहिली आहे, मी येतो का म्हणून. आणि मी त्या वेळी काय करून राहिलो होतो हे वेगळं सांगायला नको, कारण तो फोटो मी काढला आहे.

असो. पत्र लांबलं. तर रोज जवळ बाळगायला ह्या दोहोंपैकी कोणता बरा, लांबचं दाखवणारा की जवळचं दाखवणारा, एवढं तुमच्या अनुभवाने सवडीने कळवावं. घाई काहीच नाही. मामीजींना नमस्कार, मोठ्या गायीला हिरवा चारा.

तुमचा सल्ल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
भूपेंद्र

ता. क. : कॅमेऱ्याबद्दलचा सल्ला आता नको. आज गोंदियाला जाऊन दोन्ही कॅमेरे गुलाबचंद शेठना परत करून आलो. ते म्हणाले, "कुछ गड़बड़ थी क्या?" मी म्हटलं, कॅमेऱ्यात नव्हती.

आणखी ता. क. : वरचं अर्धंच खरं आहे. झूमवाला परत केला. चपटा अजून खिशात आहे. तो फोटो त्याच्यात आहे. पुसायचा की ठेवायचा हे फुलवंताने ठरवावं असं मला वाटतं. मी बटन दाबून पाहिलं, माझ्याने पुसवला नाही.

शेवटचं : हे पत्र टपालात टाकायला निघालो होतो, पण पेटीपाशी गाडी थांबवावीशी वाटली नाही. केशोरीच्या वाटेवरचं नवेगावबांध मागे पडलं, मग वाटलं आता काय परत फिरायचं. हे तुमच्या ओट्यावर बसून लिहून राहिलो आहे. पत्र दाराखालून आत सरकवतो. आतून फुलवंता मामीजींना मीठ जास्त झालं म्हणून बोलताना ऐकू येऊन राहिली आहे, आवाज बरा वाटतो. गाडीत पुढच्या सीटवर पाय लांब करता येईल अशी गादी घातली आहे. ती येत असेल तर ठीक, नसेल येत तर तेही तिनेच बाहेर येऊन सांगावं. तुम्ही मध्ये पडू नका, एवढीच विनंती. मघापासून ओट्यावर ऊन आलं आहे, सावली पलीकडच्या खांबापाशी आहे. तरी मी जागचा हललो नाही, हे तिला आवर्जून सांगा.