थेंबाथेंबाने घर बदलताना

३ मार्च, सकाळी ६ वाजून १० मिनिटे. टाकीची काच पुसत होतो.

निश्चय झाला. ताईचं घर सोडायचं, स्वतःच्या खोलीत राहायचं. तारीख दहा. भाडं आणि डिपॉझिट देऊनसुद्धा आलो. भाऊजींच्या आई, म्हणजे माई, पंधराला इथे कायमच्या राहायला येतायत, त्यांना माझी खोली लागणार. पण मी काही त्यासाठी जात नाही. माणसाने तिशीच्या आत स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

मला काळजी अशी काहीच नाही. काळजी आहे ती टाकीतल्या माझ्या कोळंब्यांची. एकतीस आहेत, लाल, नखाएवढ्या. जागा बदलली की फार घाबरतात. ताईला म्हटलं. ती म्हणाली, कोळंब्याच ना?

५ मार्च.

सराव सुरू. अर्धी बादली पाणी घेऊन तीन मजले उतरलो, चढलो. नेताना हात हलू नये हा उद्देश. खालच्या काकूंनी विचारलं, वर पाणी येत नाही का रे? म्हटलं, रंगीत तालीम आहे. त्या लगेच आत गेल्या. तिसऱ्या फेरीला थोडं सांडलं. भाऊजींच्या ऑफिसच्या बुटात. भाऊजी म्हणाले, साहेब, कोळंब्या राहू द्या, आधी आम्हाला वाळवा. ताई म्हणाली, अरे पण बादलीत कोळंब्या कुठेत? बादलीला सवय लावून काय करणार आहेस?

ताईला पद्धत म्हणजे काय ते कळत नाही.

९ मार्च, संध्याकाळ.

उद्याचं रद्द. एका कोळंबीने कात टाकली. अशा वेळी अंग मऊ असतं, बिचारी कोपऱ्यात लपून बसते. नाजूक जिवाला हलवायचं नसतं, हा माझा नियम आहे. ताई म्हणाली, एकतीसमधली एखादी रोजच कात टाकणार, मग तू जाणार कधी? आवाज चढला होता. दुखऱ्या गुडघ्यांच्या माईंना मी सोफ्यावर झोपवू का, असंही म्हणाली.

शनिवारी नक्की. इथे लेखी देतोय.

१४ मार्च, रात्री जेवणानंतर.

हललो! पार्सल ऑफिसात मी दिवसभर लोकांच्या खोक्यांवर ‘नाजूक’ अशी चिठ्ठी चिकटवतो. आज स्वतःच्या टाकीवर चार चिकटवल्या, बादलीवर दोन. जुनं पाणी पाच कॅनमध्ये भरून घेतलं. टेम्पोवाला म्हणाला, तिकडे पाणी नाही काय? पाण्यापाण्यात फरक असतो हे त्याला समजावत होतो. त्याने रेडिओ मोठा केला.

खोली तळमजल्यावर, छान. जुनं पाणी पुरलं नाही, अर्धी टाकी तिथल्या नळाने भरली. कोळंब्यांना एकदम नव्या पाण्यात सोडत नाहीत. बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी त्यांच्या बादलीत थेंबथेंब पाडायचं. अडीच तास. मी फरशीवर बसून होतो. मग सोडल्या. पाच मिनिटांत शेवाळ कुरतडायला लागल्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.

गादी आणायची राहिली. कॅन मात्र सगळे आले. गादीसाठी ताईकडे आलो तर जेवायला वाढलं होतं. राहिलो.

१५ मार्च.

माई आल्या. एक बॅग, एक छत्री. प्रत्येक मजल्यावर थांबून पायऱ्यांना नावं ठेवत. मला सोफ्यावर बघून म्हणाल्या, हा गेला होता ना?

एक फार मोठी गोष्ट ध्यानात आली. जे कोळंबीला लागू, ते माणसाला का नाही? नव्या जागेत एकदम उडी घेणं अशास्त्रीय आहे. उद्यापासून मीसुद्धा थेंबाथेंबाने.

१६ मार्च. वीस मिनिटं राहिलो. उत्तम.

१७ मार्च. अर्धा तास. घरमालकीण विचारते, अहो, इथे तुम्ही राहता की तुमची टाकी?

१८ मार्च. गादी पोचवली. तिच्यावर बसलो. झोपायची घाई नको.

२० मार्च.

रात्र काढायचीच म्हणून गेलो, टूथब्रशसकट. दिवा घालवला. फिल्टरची बुडबुड, बाकी इतकं शांत की आपलं गिळणं आपल्याला ऐकू येतं. उठून कडी तपासली. बसलो. पुन्हा तपासली. खिडकी उघडली, लावली, उघडली. साडेनऊला ताईकडे. थेंब जरा मोठा पडला, एवढंच.

सोफ्यावरही डोळा लागेना, म्हणून हॉलमध्ये फेऱ्या. माई आतून म्हणाल्या, बाबा रे, कुठे जायचंय तिथे एकदाचा जाऊन ये.

२२ मार्च, रविवार.

माईंना कोळंब्या बघायच्या होत्या. नेलं. गाडीतून उतरून चार पावलांवर दार. एकसुद्धा पायरी नाही रे, असं तीनदा म्हणाल्या. टाकीपुढे बसून आधी म्हणाल्या, एवढ्याशाच? घासभरही व्हायच्या नाहीत. मग काचेला नाक लावलं. मग, अरे, हिच्या पोटाखाली पिवळं काय ते?

अंडी! आठवड्यात!

माई म्हणाल्या, यांनी संसार थाटला, आणि तू अजून दारातच. मग गुडघे दुखतायत म्हणून जरा माझ्या गादीवर आडव्या झाल्या. दिवेलागणीपर्यंत घोरत होत्या. त्या गादीवर मी अजून झोपलो नव्हतो.

२४ मार्च.

घरात बैठक. माई म्हणतात, ती खोली मला द्या, तिसऱ्या मजल्यावर मी कैदी होईन. तिथे माझी मी दूध आणायला जाईन. ताई म्हणाली, लोक म्हणतील सासूला बाहेर काढलं. माई म्हणाल्या, म्हणू देत, मी दारात खुर्ची टाकून एकेकाला उत्तर देते. भाऊजी सकाळ-संध्याकाळ चक्कर मारणार. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला तर आता कुठे सवय होत आली होती. पण माईंचे गुडघे. मोठ्या मनाने हो म्हटलं. ताई म्हणाली, बरं झालं, त्यांची बॅग दुपारीच पाठवलीय.

२६ मार्च, संध्याकाळी ७.

कोळंब्या आणायला बादली घेऊन गेलो. माईंनी दारातच अडवलं. पोटुशी आहे ती, म्हणाल्या, नाजूक जिवाला हलवायचं नसतं, तूच सांगत असतोस ना? नवीन जागेत झोप लागली का, असं मी विचारलं. म्हणाल्या, दिवा घालवायच्या आधीच.

बादली रिकामी परत आणली. तीन मजले. हात अजिबात हलला नाही.

जुनी खोली. टेबलावर टाकीचा चौकोनी डाग.

हिशेब. खर्च: टेम्पो ९००, कॅन ४५०, नळी ३०. येणे: भाडं आणि डिपॉझिट, माईंची पेन्शन झाली की. गादी, माईंकडे. देणे: भाऊजींच्या बुटांचे. ताईचं काय देणं लागतो ते मांडता आलं नाही.

पोचलेल्या कोळंब्या: एकतीस.

पत्त्यावर माणूस नसला की आमच्याकडे पार्सलवर ‘परत’ असा शिक्का मारतात. आजचं परत: एक. नाजूक.