एकशे बेचाळिसावा प्रश्न

प्रिय खारू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू चक्रावली असशील. दिवसातून चारदा चॅटवर भेटणाऱ्या बहिणीने कागद काळे का करावेत? घाबरू नकोस, इथे सगळं नीट आहे. दुकान चालू आहे, माझी मान अधूनमधून धरते. एका शाळेने टाकून दिलेले अकरा लॅपटॉप आले होते, त्यातले नऊ उठवले. उरलेल्या दोघांचे सुटे भाग काढून ठेवले. आजारपणात लुळा पडलेला आईचा डावा हात आता कपापर्यंत जातो हे तू कळवलंस, त्या दिवशी मी समोरच्या अनोळखी गिऱ्हाइकालाही ते सांगून टाकलं. आई स्वतः मात्र फोनवर मला हाताचं काही सांगत नाही. तुझंच सांगते. खारूची मुलाखत आली, खारूला अमक्या परिषदेत बोलावलंय, खारू किती बारीक झाली. मी 'हो का' म्हणते आणि हातातला स्क्रू पिळत राहते.

ती मुलाखत मी ऐकली. वाचनालयातले सहा संगणक भंगारात निघाले होते ती गोष्ट तू फार छान सांगतेस. 'आम्ही म्हटलं, लिनक्स ही संगणक-प्रणाली मोफत आहे, कुणीही त्यात हवा तो बदल करू शकतं, मग या म्हाताऱ्या यंत्रांना झेपेल असं त्याचं एक आटोपशीर रूप आपणच तयार करू या.' आम्ही. तू तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतीस आणि अभ्यासाच्या नावाखाली वाचनालयात झोपायला येत होतीस. पहिली 'सोबत' मी बांधली, त्या सहा यंत्रांवर, एकेक प्रोग्रॅम निवडून, एकेकाचं पॅकेज मोडून पुन्हा बांधून. नाव तू दिलंस, ते कबूल. पुढे तूही कमी राबली नाहीस, तेही कबूल. तू खोटं काहीच बोलली नव्हतीस. पण त्या 'आम्ही'त मी नेमकी कुठे उभी आहे, हे ऐकणाऱ्याला कळायला वाव नव्हता. ती जागा मी तीनदा मागे नेऊन ऐकली.

लोक तुझ्याकडे वळतात यात तुझा काय दोष? तुला बोलता येतं. मी ऑनलाइन सभेत तोंड उघडलं की दोन-चार जण आपापला आवाज वाढवतात आणि एखादा विचारतो, ताईंचा माइक बंद आहे का? तू नुसतं 'बघू या' म्हणालीस तरी त्यावर तीस जणांची चर्चा होते.

म्हणून तू वेबसाइटवर प्रश्नांचं पान उघडलंस तेव्हा मला आधीच खुपलं होतं. पुढच्या आवृत्तीपासून बत्तीस-बिटची जुनी यंत्रं सोडायची, त्यांच्यासाठी 'सोबत' काढायचीच नाही, असं तू सुचवलंस, आणि 'सोबत'ने पुढे कुठे जावं यावर वापरणाऱ्यांनी हवं ते विचारावं, म्हणून पंधरा दिवस दिलेस. प्रश्न गोळा करून लावायचं काम अर्थातच ताईकडे. एका मास्तरांनी विचारलं, माझ्या वर्गातली चौदा यंत्रं मी कुठे न्यायची? दवाखान्यात नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी विचारलं, सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी किती महिने मिळतील? कुणी तर विचारलं, उद्या तुम्ही दोघी थकलात तर हे चालवणार कोण? खरे, पोटतिडकीचे प्रश्न. एकूण एकशे एकेचाळीस. त्यातले एकशे छत्तीस तुझ्या नावाने, चार कुणाच्याच नावाने नाहीत, आणि माझ्या नावाने एक: 'ताई, जुनी फाइल कुठून उतरवायची? लिंक चालत नाही.' मी ती लिंक दुरुस्त केली. मग चहा टाकला आणि तो उतू जाऊन गॅस विझेपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिले.

एकशे बेचाळिसावा प्रश्न तुला पाठ असेल. 'जुना वापरकर्ता' या नावाने आलेला. 'ज्या व्यक्तीने गेल्या दोन वर्षांत एकही पॅकेज स्वतः बांधलेलं नाही; तिने आमची यंत्रं मोडीत काढायचा निर्णय कोणत्या अधिकाराने घ्यावा?' सभेत प्रश्न वाचून दाखवणारीही मीच होते. दोनशे माणसं ऐकत होती. माझा आवाज त्या दिवशी सगळ्यांना नीट ऐकू गेला. तू म्हणालीस, 'याला उत्तर आहे, पण ते घरचं आहे.' आणि तुझा चौकोन काळा झाला. नंतर तुझा फोन आला. 'ताई, हे कुणाला माहीत असणार गं?' मी म्हटलं, 'कोण जाणे.'

मग सगळ्यांनी मिळून प्रूफकाकांवर बोट ठेवलं. जुनी यंत्रं सोडायला सगळ्यात मोठा विरोध त्यांचाच. शिवाय छापखान्यात आयुष्यभर प्रुफं तपासलेला माणूस. आपल्या मंडळींत अर्धविराम देणारं दुसरं आहे कोण? नऊ वर्षं त्यांनी आपला एकेक मेनू मराठीत आणला, आपल्या सूचनांतल्या चुका न कंटाळता सुधारल्या. त्यांनी आपल्या ईमेल-यादीवर एकच ओळ लिहिली, 'तो प्रश्न माझा नाही', आणि पुढे कुणाला उत्तर दिलं नाही. ते गप्प बसले म्हणजे तेच, असं 'सोबत'च्या समितीने धरलं. तूही धरलंस.

मंगळवारी दुपारी ते दुकानात आले. स्टुलावर बसले, खिशातून तो प्रश्न छापलेला कागद काढला. 'बांधलेलं' या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती. म्हणाले, 'अर्धविराम तिथे नको, स्वल्पविराम पुरला असता. मी असतो तर चुकलो नसतो. पण ते राहू द्या. आपल्याकडे सगळे “पॅकेज तयार केलं” असं लिहितात. “बांधलं” लिहिणारी एकच व्यक्ती आहे, आणि तिचं लिखाण मी नऊ वर्षं तपासतोय.' मी म्हटलं, 'मग समितीला सांगा ना.' ते उठले, कागद माझ्या टेबलावर ठेवला. 'मी चुका दाखवतो. दुरुस्त्या ज्याच्या त्याने करायच्या.' आणि छत्री विसरले म्हणून परत आले, तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही.

हो खारू, मीच. दोन वर्षं तू काही बांधलं नाहीस, कारण आई तुझ्याकडे होती. तिला उठवणं, बसवणं, भरवणं, हे सगळं मला ठाऊक होतं आणि ठाऊक असूनच मी ते वाक्य लिहिलं. तुला वाटेल जुन्या यंत्रांसाठी लिहिलं. तसंही नाही. तू सुचवलंस त्याच आठवड्यात मी शेल्फावरच्या बत्तीस-बिटवाल्या सगळ्या यंत्रांवर नवा ब्राउझर चालवून पाहिला. एकावरही धड उघडला नाही. तुझं बरोबर आहे, हे मला सभेच्या आधीपासून माहीत होतं. खरं सांगू? आईला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मी तिची खोली आवरून ठेवली होती, तिच्या पलंगाशी हाताला धरायला दांडाही बसवला होता. आणि आई गाडीत बसल्यावर म्हणाली, 'मला खारूकडे ने.' कुणीच तिला समजावलं नाही. तो दांडा अजून भिंतीत आहे. समुदाय तुझा, आई तुझी, गोष्टसुद्धा तुझी. मग माझ्याकडे काय, तर चालत नसलेली लिंक. त्या दुपारी मी एवढाच हिशेब केला आणि तुला जिथे लागेल तिथे बोट घातलं.

रविवारी समिती प्रूफकाकांचे सगळे अधिकार काढून घेणार आहे, आणि तुझं मत त्यांच्या विरुद्ध पडणार हे तूच मला कळवलंस. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. शनिवारी सकाळी दहाला मी प्रश्नांच्या त्याच पानावर माझ्या नावाने सगळं लिहिणार आहे. आईचं तेवढं गाळून. ते तुझं आहे, सांगायचं की नाही ते तू ठरव. बाहेरच्या लोकांबरोबर तुला कळू नये, एवढ्यासाठी हा कागद. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू म्हणाली असतीस, 'ताई, जाऊ दे', आणि मी जाऊ दिलं असतं. आता रविवारी मला काढायचं का, हे समितीने ठरवावं, आणि तू मध्ये पडू नकोस. हेवा संपला असं लिहून तुला फसवणार नाही. तू सभेत बोलायला लागलीस की तो उद्याही वर येईल. पण त्याची शिक्षा काकांनी भोगायची नाही.

तुझा हेवा करणारी, तरी तुझीच,
ताई