स्टुलाचा अर्ज

१२ मार्च, मंगळवार

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा झालाय, म्हणजे ती पुन्हा माझ्यावर ओरडत जिने चढायला लागली आहे. आईच्या पायांचं तुलाच माहीत, ती तुझ्याकडे असते. मी रविवारी तिला भेटायला येतो तेव्हा तू नेमकी मतदारसंघात असतेस. हे वेळापत्रक आपण दोघांनी किती मेहनतीने जुळवलंय, ते तिलाही कळतं.

पत्र घरच्या पाकिटात घालतोय, कचेरीच्या नाही. सभागृहात बोललेला शब्दन्‌शब्द उतरवून घेणाऱ्या माणसाने कुठल्याही सदस्याला खासगीत काही लिहू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे. बावीस वर्षं पाळला. तू निवडणुकीला उभी राहिलीस तेव्हा याच नोकरीची ढाल पुढे करून मी तुला नाही नाही ते बोललो. तेव्हापासून तू व्हरांड्यात दिसलीस की "नमस्कार, प्रतिवेदक साहेब" म्हणून पुढे जातेस. मलाही तेच हवं होतं असं मी स्वतःला सांगत आलो.

शुक्रवारी सात नवी विधेयकं मांडायची होती. पहिली पाच उतरवताना मला जांभया आवरत नव्हत्या. आम्हा प्रतिवेदकांची दहा-दहा मिनिटांची फेरी असते. माझी खरं तर संपत आली होती, पण सहाव्या विधेयकाचे सन्माननीय सदस्य चहाला गेले ते आलेच नाहीत, आणि तुझं नाव पुकारलं गेलं. शपथ सांगतो, मी काही जुळवून आणलं नव्हतं.

तीन पानांचं विधेयक. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दुकानातल्या कामगाराला बसायला जागा मिळाली पाहिजे आणि बसला म्हणून त्याला कुणी बोलता कामा नये. बस, इतकंच. मागच्या बाकावरून आवाज आला, "अहो, आधी आमच्याच खुर्च्या टिकत नाहीत, तुम्ही दुकानात कुठे वाटताय?" सभागृह हसलं. तू हसू ओसरेपर्यंत थांबलीस आणि म्हणालीस, "अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्यांनी हा विनोदसुद्धा बसल्या जागेवरून केला, याची नोंद व्हावी."

नोंद केली गं! इतक्या आनंदाने मी आजवर एकही वाक्य लिहिलेलं नाही. बोलणं उतरवता उतरवता बावीस वर्षांत मी मोठमोठे वक्ते ऐकले. कागद न बघता, आवाज न चढवता, समोरच्याला न दुखवता जागेवर बसवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली एक माझी बहीण आहे आणि मी मान खाली घालून पेन्सिल चालवतोय. शेजारच्या प्रतिवेदकाने मला कोपर मारलं. मी हसत होतो म्हणे.

मग तू आईचं बोललीस. सव्वीस वर्षं कापडाच्या दुकानात, काउंटरच्या मागे, उभी. संध्याकाळी घरी आल्यावर तिचे पाय चपलेतून निघत नसत, तू बादलीत गरम पाणी आणायचीस. इथपर्यंत माझा हात चालला. पुढचं वाक्य होतं, "तिने स्टुलासाठी मालकांकडे अर्ज केला होता, मालक नाही म्हणाले."

तिथे पेन्सिल थांबली. वाक्य मागाहून ध्वनिमुद्रणावरून भरलं, पण ते खोटं आहे. तू खोटं बोलली नाहीस. तुला आईने सांगितलं आणि आईला मी सांगितलं.

तो अर्ज मीच लिहिला होता. मी एकोणीस वर्षांचा, शॉर्टहँडच्या क्लासात नुकताच जायला लागलेला. आई म्हणाली, "तुझं अक्षर छान आहे, लिही आणि तूच नेऊन दे, मला मालकांपुढे शब्द सुचत नाहीत." पण क्लासात जागा मिळाली होती ती मालकांच्याच शिफारशीने. त्यांच्या खोलीच्या दाराशी मी चांगला अर्धा तास घुटमळलो. आत ते पेपर वाचत बसले होते. मी तसाच परत फिरलो आणि आईला म्हटलं, "नाही म्हणाले."

ती काय म्हणाली, सांगू? "असू दे रे. आपण विचारलं तरी." त्यानंतर अकरा वर्षं ती उभीच होती, आणि विचारल्याचं तिला समाधान होतं. ते बिचारे मालक कधीच गेले. कदाचित ते हो म्हणाले असते.

अर्ज सोबत ठेवला आहे. आधी घरच्या ट्रंकेत होता, नंतर माझ्या कचेरीच्या खणात. घड्यांवर फाटलाय, जपून उघड. भाषणाची प्रत दुरुस्तीसाठी तुझ्याकडे आली असेल. ती गुरुवारी परत द्यायची असते, आणि सदस्याला शब्द दुरुस्त करता येतात, मजकूर बदलता येत नाही. तेव्हा खरं काय ते तुला येत्या शुक्रवारच्या चर्चेत उभं राहूनच सांगावं लागेल. माझं नातं सांग, हुद्दा सांग. नोकरीचं काय व्हायचं ते होईल.

पण व्हरांड्यात वेगळीच कुजबुज आहे. मंत्री "योग्य विचार करू" म्हणणार, तुझ्या पक्षाचा तुला निरोप आलाय आणि तू विधेयक मागे घेणार. तुझ्यावर काय दडपण असेल ते मला कळतं. अशी किती विधेयकं मी मागे जाताना लिहिली आहेत! त्यांतलं एकही परत आलेलं पाहिलं नाही. "मागे घेते" हे शब्द तुझ्या तोंडून मला उतरवायला लावू नकोस. दाराशी जाऊन परत फिरणारं माणूस आपल्या घरात एक झालं, तेवढं पुरे.

आईला मी गुरुवारी संध्याकाळी येऊन स्वतः सांगणार आहे. तू मतदारसंघात जाऊ नकोस. घरी थांब. मला एकट्याला जमणार नाही.

तिच्या पायांवर आयुष्यभर बसून राहिलेला,
तुझा दादा