तन्वीचा उपास

१० ऑगस्ट, रविवार
मे महिन्यानंतर आज वही उघडली. चुकलंच. वेळ नव्हता हे खरं नाही. इथे बसलं की खरं लिहावं लागतं, ते टाळत होते.
आधी चांगलं. तन्वीचं कबड्डीच्या जिल्हा निवडीच्या शिबिरात नाव आलं. सोळाव्या वर्षी! काल कसालच्या मैदानात चौघी-पाचजणींच्या पकडीतून सुटून तिने रेषेला हात लावला, तेव्हा मी अशी ओरडले की शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमचा काय ता चेडू?" "माझीच लेक," म्हटलं. शाळेतही आता मी विज्ञानाची बाई राहिले नाही, तन्वीची आई झाले. आवडतं मला ते. लपवून काय करू.
अडचण एकच. वजन. गटाच्या मर्यादेपेक्षा दीड किलो जास्त. ओरोसला निवडीआधी वजनं होणार ३ सप्टेंबरला, म्हणजे मध्ये अख्खी चवथ, गणपतीचे सगळे दिवस.
शिबिराचे सर म्हणाले, "मॅडम, अशी चढाई करणारी दुसरी नाही जिल्ह्यात. दीड किलोसाठी घालवायची?"
मीही म्हटलं, नाही घालवायची.

१७ ऑगस्ट, रविवार
भात बंद, भाकरी अर्धी. पाऊस नसला तरी रेनकोट घालून धावते, घाम यावा म्हणून. सासूबाई पडवीतून बघतात. "पोलिसात भरती होतला काय गो ह्या?"
रोज सकाळी ती काट्यावर चढते, मी वाकून आकडा बघते. खाली आला की बरं वाटतं. कमी होतंय ते माझ्याच मुलीचं, आणि मला बरं वाटतं.
आज तिच्या आवडीचं काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. तिने वास घेतला आणि ताटावरून उठून अंगणात गेली. मी हाक मारली नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार
सा. बाईंची दर वर्षीची चौकशी. चवथीत कोण बाहेर बसणार, नैवेद्याला कोण. माझी तारीख सांगून झाली. तन्वी सहज म्हणाली, "माझी काळजी नको गो आजी. जूनात सराव वाढलो तेवापासून पाळी येवकच नाय."
सा. बाई तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत राहिल्या. दहावीला शरीरशास्त्र मी शिकवते.
सरांना फोन केला. "खेळणाऱ्या मुलींचं होतं तसं, मॅडम. स्पर्धा झाली की सुरळीत होतं." अगदी शांतपणे. म्हणजे प्रश्न त्यांना नवा नव्हता. शिबिरातल्या आणखी किती जणींचं असं? विचारायला हवं होतं. विचारलं नाही.
डॉक्टरकडे चवथीनंतर जाऊ असं ठरलं.
चवथीनंतर नव्हे. निवडीनंतर. नीट लिहावं.

२७ ऑगस्ट, बुधवार. चवथ
गणपती बसले. अरुण काल रात्री मुंबईहून आले. लेकीला बघून खूश. "बारीक झाली, छान दिसते."
मोदकांना पाकळ्या तन्वीनेच काढल्या, एकसारख्या, नाजूक. हात धुऊन मागल्या दारी गेली. नंतर पाहिलं तर पायरीवर बसून च्युइंगम चघळत होती आणि पेल्यात थुंकत होती. अंगातलं पाणी उतरावं म्हणून. शिबिरात शिकवलेलं.
पंगत बसली, तिची जागा रिकामी. चुलत सासरे म्हणाले, "चेडू खंय? जेवक नाय?"
माझ्या तोंडून निघून गेलं, "तिचो उपास आसा."
"चवथीक?"
"विसर्जनापर्यंत. नवस आसा."
एक खोटं झाकायला दुसरं, तेही गणपतीसमोर. सगळे कौतुकाने माना हलवायला लागले. सा. बाई तेवढ्या वाटाण्याची उसळ वाढत राहिल्या.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
उपास वाडीभर झालाय. आरतीला येणारी प्रत्येक बाई आधी तन्वीला बघते, मग गणपतीला. एकीने तर आपल्या मुलीला पुढे ढकललं, "बघ, शिक कायतरी!"
रात्री तन्वी हसून म्हणाली, "आई, तू देवाक सुद्धा टीममध्ये घेतलस."
मीही हसले. मग पडवीची पायरी चढताना तिने खांब धरला आणि डोळे मिटून थोडा वेळ तशीच उभी राहिली. "काय नाय," म्हणाली.
अजून अर्धा किलो.

३१ ऑगस्ट, रविवार
गौरी आल्या. संध्याकाळी आमच्याकडे भजन. आरती झाल्यावर बुवांनी ताटातला मोदक उचलला. "आज पयलो प्रसाद चेडवाक. इतक्या लहानपणी इतको कडक उपास! आमच्यान जमाचो नाय. उपास सोडूचो नाय, नुसतो हातात घे हां बाय."
तिने घेतला. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, खाऊ नको अशी. हे मुद्दाम लिहून ठेवते.
तन्वी म्हणाली, "बुवानू, माझो उपास नाय. कबड्डीक वजन कमी करूचा आसा म्हणान मी जेवक नाय." आणि उभ्या उभ्या मोदक खाल्ला. अख्खा. मग दुसरा घेतला.
बुवा म्हणाले, "अरे देवा! आनी आमी हिच्या पाया पडाक निघालो!" सगळी पडवी हसली. सा. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अरुण, पाट मांड रे. भात पयलो चेडवाक."
तीन वेळा भात घेतला तिने. मी वाढला.
मला लाज वाटायला हवी, वाटलीही. पण खरं लिहायचं तर लाजेपेक्षा अभिमान जास्त वाटला. एवढ्या माणसांमध्ये, आईने नको म्हणून खूण केलेली असताना, ती एकटी उभी होती. कसालला रेषेला हात लावला त्या दिवशीचा अभिमान आता मला जरा उसना वाटतो. तो टाळ्यांचा होता. हा तिचा आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार
गौरी-गणपती पोचवून आलो. घर रिकामं वाटतंय.
तन्वी जेवते आहे. आज तोंडाला रंग होता. काटा सा. बाईंनी काजू मोजायला मागून नेला. परत करतील असं वाटत नाही.
सकाळी सरांचा फोन. मी उचलणार होते, तिने हात पुढे केला. सरांशी ती पुस्तकी मराठी बोलते. "सर, उद्या येते. आहे त्या वजनाने. या गटात बसत नसेन तर वरच्या गटात बघा. बेंचवर बसवलंत तरी चालेल."
पलीकडून बराच वेळ आवाज. अरुण चहा घेता घेता थांबले.
"नाही सर, उपाशी नाही येणार. जेवून येते."
सर काय करतील माहीत नाही. वरच्या गटातल्या मुली मोठ्या, तयारीच्या. घेतीलच असं नाही. फाटकातूनही परत पाठवतील. जिंकायचं तिला अजून आहे, सोडलेलं नाही. रात्री अंगणात एकटीच पायाची हालचाल करत होती. आणि बाकीच्या मुलींचं मी सरांना विचारणार का? सगळ्यांसमोर? तोंड उघडेल माझं? आज तरी सांगता येत नाही.
डॉक्टरची वेळ गुरुवारची घेतली. निवड होवो, न होवो.

उद्या: लवकर उठून तांदळाचे घावणे. ओरोसच्या काट्यावर चढायच्या आधी तिला गरम गरम, पोटभर.