दाखला क्रमांक पाच यांस

तीर्थरूप मामा यांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात जेमतेम निम्माच होतो, पण कागदावर पूर्ण धरावा).

इकडे सगळे बरे आहोत. तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेता ना? आणि गोळ्यांच्या पाकिटाला रबरबँड, ते पाकीट ज्या डबीत त्या डबीला रबरबँड, हे अजून चालू आहे का? मामी मागे सांगत होत्या की टीव्हीच्या रिमोटला तुम्ही इतके रबरबँड चढवलेत की आवाज वाढवायचं बटण सापडत नाही, आणि त्यामुळे घरात बरीच शांतता आहे. मामींची प्रकृती उत्तमच असणार. तुमच्याबरोबर उभा जन्म काढलेल्या बाईला सर्दीपडसं काय करणार? (हे कौतुकाने लिहिलं आहे. कोणाच्या, ते मामी ओळखतील.)

फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. कारण इतकंच, की फोनवर तुम्ही बोलता. आणि या वेळी मला काही सांगायचं आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे (तुम्हाला सगळंच ठाऊक असतं, ही खरी अडचण) की दिवसभर लोकांचे मायक्रोस्कोप दुरुस्त करून घरी आल्यावर गेली तीन वर्षं मी आमच्या झोपायच्या खोलीत एक यंत्र करतोय. खिडकीखाली माझं टेबल, टेबलावर भिंग, चिमटे, सोल्डरिंगचा सरंजाम आणि वायरींचा गुंता. टेबलामुळे कपाटाचं एकच दार उघडतं आणि ते माझ्या कपड्यांचं आहे. तुमच्या भाचेसुनेने हे तीन वर्षं सहन केलं ते एका आशेवर. मायक्रोस्कोपच्या कारखान्याचे मालक म्हणाले आहेत की पेटंट मिळालं तर यंत्र त्यांच्याकडे तयार होईल आणि मला तिथेच एक खोली मिळेल, टेबलासकट. तिने त्यात आपली भर घातली आहे: पेटंट मिळालं तर टेबल घराबाहेर, नाही मिळालं तर टेबलासकट मी. म्हणजे काहीही झालं तरी टेबल जाणार हे नक्की आहे. प्रश्न फक्त माझा उरला आहे.

यंत्र काय आहे हे तुम्हाला समजावण्याचं धाडस मी करत नाही, पण पेटंट कचेरीतल्या परीक्षक बाईंना सांगितलं ते असं. एक प्रकारची चकती असते, तिला वीज दिली की ती केसाच्या हजाराव्या भागाइतकी फुगते आणि वीज काढली की आक्रसते. याला पायझो म्हणतात. (तुम्ही त्याला सगळीकडे 'पिझो' म्हणता, त्याबद्दल पुढे.) तिच्यावर एक बारीक दांडी टेकवली आहे. चकती हळू फुगवली की दांडी तिच्याबरोबर पुढे सरकते, आणि झटक्यात आक्रसली की दांडी जिथल्या तिथे राहते. सतरंजीवर ठाण मांडून बसलेल्या पाहुण्यासारखं: हळू ओढलीत तर पाहुणा सतरंजीसकट येतो, हिसका दिलात तर सतरंजी हातात येते आणि पाहुणा तिथेच. असं सेकंदाला हजारो वेळा केलं की दांडी मुंगीच्या पावलांनी चालू लागते आणि मायक्रोस्कोपची काच हवी तेवढीच हलते. आता यात गोम अशी, की दांडी चकतीला नेमकी किती घट्ट टेकावी? फार घट्ट झाली तर जाते तशी परत येते, सैल राहिली तर दोन्ही वेळा घसरते. माझी दांडी बरेच महिने मनात आलं तर चालायची, नाहीतर ढिम्म. मग मला स्प्रिंगची एक पातळ पट्टी सुचली, जी दांडीला नेमक्या जोराने दाबून धरते. (अंघोळ करताना सुचली, बहुतेक.) पेटंटच्या अर्जातला मुख्य दावा म्हणजे ही पट्टी.

पट्टी सुचण्याच्या थोडं आधी तुम्ही आमच्याकडे आला होतात. यंत्र पाहिलंत, नाक मुरडलंत, आणि दोन दिवस 'अभ्यासाला' म्हणून घेऊन गेलात. मी नाही म्हणायला हवं होतं. पण तुम्हाला नाही म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. परत पाठवलंत तेव्हा ते तुमच्या पद्धतीप्रमाणे रबरबँडमध्ये गुंडाळलेलं होतं. सुरू केलं तर सुरळीत चाललं. मला वाटलं, हवापालट मानवला.

मधल्या दोन दिवसांत तुम्ही ते निवृत्त अभियंता मंडळाच्या सभेत नेऊन त्यावर व्याख्यान दिलंत, आणि मंडळाच्या सचिवांनी त्या व्याख्यानाचा व्हिडिओ सगळ्या जगासाठी नेटवर चढवला, हे मला कोणीही सांगितलं नाही. ते मला परीक्षक बाईंच्या पत्रातून कळलं. पेटंटचं शास्त्र मामा, एका म्हणीत बसतं: झाकली मूठ सव्वा लाखाची. अर्ज करण्याआधी मूठ उघडली की शोध नवा राहिला नाही. बाईंनी 'यात नवं काय?' म्हणत आधी जुन्या यंत्रांचे चार दाखले काढले होते; ते आमच्या वकिलांनी सहज परतवले. (वकील म्हणजे पेटंटचे अर्ज लिहिणारे गृहस्थ. कॉलर इतकी कडक असते की मान वळवायची तर खुर्चीसकट वळतात, म्हणून आम्ही त्यांना कॉलर म्हणतो.) मग पाचवा दाखला आला, आणि तो तुम्ही होतात. दाखला क्रमांक पाच. आमच्या घरात आता तुम्हाला याच नावाने ओळखतात. लेक परवा विचारत होती, दाखला पाचचा वाढदिवस कधी असतो?

सुनावणी झाली ती खोली म्हणजे एक लांब टेबल, पाण्याचा तांब्या, भिंतीवर पडदा आणि चार खुर्च्या, पैकी डुगडुगणारी माझी. बाई बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर, आवाज मऊ. अशा मऊ आवाजाला मी आयुष्यभर घाबरत आलो आहे. त्यांनी तुमचा व्हिडिओ लावला. पूर्ण लावला, मामा. त्यांनी तो आधीही दोनदा पाहिला होता आणि तरी त्यांच्या चेहऱ्यावर सुडाची भावना दिसत नव्हती. सरकारी नोकरीत माणूस किती सोसतो याची मला कल्पना नव्हती.

व्याख्यानाचा अर्धा भाग तुमच्या पाणीपुरवठा खात्यातल्या पराक्रमांवर आहे. मग तुम्ही माझं यंत्र उचलता, उलटं धरता आणि सांगता की वीज म्हणजे पाणीच, वायर म्हणजे पाइप, आणि ही 'पिझो' चकती म्हणजे आत बसवलेला व्हॉल्व्ह. चकती फुगते हे तुम्ही एकदाही म्हणत नाही. दांडी का सरकते, तर 'मागून दाब येतो म्हणून'. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ शंका विचारायला उठतात, त्यांना तुम्ही 'शेवटी घेऊ' म्हणून बसवता आणि शेवट काही येत नाही. मधूनच कोणीतरी घोरू लागतं. (मला वाटतं तुमचे खजिनदार. टोपी ओळखीची वाटली.)

इथे कॉलर उठले, आणि खरं सांगतो, त्या माणसाबद्दल माझा आदर दुणावला. ते म्हणाले, मूठ उघडली असेल, पण आत काय आहे ते कोणाला दिसलं पाहिजे ना! नियम असा आहे की एखादी गोष्ट जाहीर झाली असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा ती पाहून त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती करता येईल. हा जाणकार म्हणजे कायद्याने कल्पिलेला एक इसम आहे: त्याने जगातलं सगळं वाचलेलं असतं, पण त्याला स्वतःचं म्हणून कधीही काही सुचत नाही. (हे मी घरी सांगितलं तेव्हा तुमची भाचेसून म्हणाली, म्हणजे मामाच की! मी तिला रागावलो. तुम्ही सगळं वाचलेलं नाही.) तर कॉलरांचं म्हणणं, हे व्याख्यान ऐकून कोणाही जाणकाराला काही कळणं शक्य नाही, उलट आधी कळत असेल ते जाईल. सभागृहातलं घोरणं पुरावा म्हणून नोंदवून घ्यावं अशी त्यांनी विनंती केली. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि घोरणं नोंदवून घेतलं.

शेवटी बाईंनी व्हिडिओ एका ठिकाणी थांबवून एक किरकोळ प्रश्न विचारला, पण तो इथे लिहून तुमचा वेळ घेत नाही.

बाकी विशेष काही नाही. तुमचा आमच्यावरचा लोभ माहीतच आहे. तो यापुढे असाच राहावा पण लांबून राहावा, एवढं मागून हात आवरतो. मामींना नमस्कार, गुडघ्यांना विश्रांती.

तुमचा एकुलता एक भाचा
(दुसरा असता तर त्याचं यंत्र नेलं असतंत)

ता. क. – मुद्द्याचं राहिलं. सोबत एक कागद पाठवतोय, त्यावर तुमची सही हवी आहे. मजकूर कॉलरांनी लिहिला आहे, माझा एक शब्दही नाही: 'मी, खाली सही करणारा, प्रतिज्ञेवर सांगतो की सदर व्याख्यान देतेवेळी मला सदर यंत्राबद्दल काहीही कळत नव्हतं व आजतागायत कळलेलं नाही.' मला माहीत आहे, मामा, असं वाक्य तुमच्या तोंडून या जन्मात निघालेलं नाही. पण तोंडून निघायची गरज नाही, पेनातून निघालं तरी पुरे. मामी साक्षीदार म्हणून आनंदाने सही करतील, मी विचारून ठेवलं आहे. त्या दोन ठिकाणी करायलाही तयार आहेत.

दुसरा ता. क. – तुमच्या भाचेसुनेने पत्र वाचलं. (मी पाकीट चिकटवत होतो, तिने हातातून काढून घेतलं.) तिचं म्हणणं, किरकोळ प्रश्न लिहिल्याशिवाय पत्र टपालात जाणार नाही. तर लिहितो. बाईंनी जिथे व्हिडिओ थांबवला तिथे तुमच्या हातातलं यंत्र बंद पडलेलं आहे. खजिनदार घोरताहेत. तुम्ही बोलणं न थांबवता, यंत्राकडे न बघता, खिशातून रबरबँड काढता आणि दांडी व चकती मिळून त्याला दोन वेढे देता, आणि दांडी चालायला लागते. तुम्ही पाण्याच्या दाबाबद्दलच बोलत राहता. बाईंनी मऊ आवाजात विचारलं, अर्जातली तुमची स्प्रिंगची पट्टी आणि हा रबरबँड यांत फरक काय? कॉलरांनी खुर्चीसकट माझ्याकडे वळून पाहिलं. मी तांब्यातलं सगळं पाणी प्यायलो.

तेव्हा वरचा कागद आता काही कामाचा नाही. तुम्हाला काही कळलं नव्हतं हे खरंच आहे, पण रबरबँड सगळ्यांना दिसतो. वकील म्हणतात, एकच वाट उरली आहे. आपल्या कायद्यात, शोध लावणाऱ्यानेच हौसेच्या भरात एखाद्या विद्वान मंडळापुढे व्याख्यान देऊन आपली मूठ उघडली असेल तर वर्षभर माफी आहे. पाहुण्याने उघडली तर नाही. आणि व्हिडिओनंतर दोनच महिन्यांत माझा अर्ज गेला आहे. म्हणजे ज्याने तो रबरबँड लावला त्याचं नाव शोध लावणारा म्हणून अर्जात माझ्याबरोबर यायला हवं. दुसरा कागद त्यासाठी आहे. यंत्र घरी आल्यावर तुमचा रबरबँड मी काढला तेव्हा ते पुन्हा अडून बसलं होतं, आणि आठवड्याने मला पट्टी 'सुचली', हे दोन्ही मला त्या डुगडुगत्या खुर्चीत बसल्यावर जोडता आलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असं मी कॉलरांना म्हणून पाहिलं. ते म्हणाले, कायद्यात फांदी कोणी मोडली एवढंच विचारतात, कावळ्याला अक्कल होती का ते विचारत नाहीत.

मामा, मला आधी तुमचा भयंकर राग आला. मग बसस्टॉपवर एकट्याला इतकं हसू आलं की लोक लांब उभे राहिले. आणि मग, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. तीन वर्षं त्या टेबलाशी मी एकटाच होतो.

अर्जात तुमचं नाव माझ्या आधी येईल. ते वयामुळे, योग्यतेमुळे नव्हे. रबरबँड का लावलात हे बाईंना तुमच्या हस्ताक्षरात एका वाक्यात हवं आहे. 'सैल वाटलं म्हणून' एवढंच लिहा. पाण्याचा दाब मध्ये आणू नका. मंडळात व्याख्यान देऊ नका. पहिला कागद फाडून टाका. (मामींनी आधीच सही करून चौकटीत लावला असेल तर असू द्या.)

तिसरा ता. क. – परत पाठवताना पाकिटाला रबरबँड लावू नका असं लिहिणार होतो. पण बाईंना नमुना म्हणून मूळ रबरबँड पाहायचा आहे, आणि तो मी तेव्हाच कचऱ्यात टाकला होता. तेव्हा लावा. दोन लावा.